हिरवा पदर

"सव्वादोनचा हात हाय तुमचा, डॉक्टरीणबाई. आनि एवढ्या गोऱ्यापान हातात एक बी बांगडी न्हाई?"

डॉ. उल्का शिंत्रे नाडी बघायला वाकल्या होत्या आणि गोदाक्कानं उलट त्यांचाच हात पकडून ठेवला होता. नुसता पकडला नव्हता. अंगठ्याचं बूड दाबून, बोटांची पेरं एकमेकांवर सरकवून ती रीतसर माप घेत होती. मी चित्रांचा गठ्ठा काखोटीला मारून शेजारी उभी होते आणि आता वीज कुठं कोसळते याची वाट बघत होते. मॅडम आमच्या इस्पितळातल्या मेंदू-मणक्याच्या विभागाच्या प्रमुख. त्यांच्यासमोर मोठमोठे सर्जन खुर्ची ओढायच्या आधी परवानगी मागत.

"ऑपरेशन करणाऱ्या बाईला बांगडी चालत नाही, अक्का. कोपरापर्यंत हात घासावा लागतो."

"मग रविवारी घाला की."

"रविवारीच जास्त माणसं गाडीवरून पडतात."

गोदाक्का खळखळून हसली. मॅडमही हसल्या, आणि हात सोडवून न घेता दुसऱ्या हातानं त्यांनी तिची नाडी बघितली.

ही गोष्ट कोल्हापूरची, पंचवीसेक वर्षांपूर्वीची. वाचा-उपचाराचं शिक्षण संपवून मी नुकतीच नोकरीला लागले होते. तोतऱ्या मुलांना बोलतं करायचं, लकवा झालेल्या आजोबांकडून 'पाणी' म्हणवून घ्यायचं, असं काहीतरी माझ्या वाट्याला येणार अशी माझी समजूत होती. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "संज्योत, तू ऑपरेशन थिएटरमध्ये बसायचंस." मला वाटलं, थट्टा करताहेत. पण मॅडम थट्टा करत त्या वर्षातून एखादवेळी, आणि ती वेळ ही नव्हती.

त्यांचा एक अभ्यास चालू होता. मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला खेटून गाठ असेल, तर रोग्याला पूर्ण भूल देऊन ती काढावी, की मध्येच जागं करून, त्याला बोलतं ठेवून काढावी? कोणाची वाचा जास्त टिकते? मेंदूला स्वतःला दुखत नाही. कातडी बधिर केली, की माणूस उघड्या डोक्यानं आरामात गप्पा मारू शकतो. मेंदूवर एकेका जागी बारीकसा करंट लावायचा आणि त्याच क्षणी रोग्याला चित्र दाखवायचं. शब्द अडला, तर ती जागा बोलण्याची. तिथं कागदाचं इवलंसं तिकीट ठेवायचं आणि तिला हात लावायचा नाही. शब्द आला, तर जागा मोकळी. चित्रं दाखवायची मी. परदेशातून आलेल्या चित्रांत बर्फाची घरं आणि कसली कसली वाद्यं होती. ती आमच्या गारगोटी-मुरगूडच्या माणसांना काय कपाळ ओळखू येणार? मग एका ड्रॉइंगच्या मास्तरांकडून मी सूप, जातं, ऊस, विळी, टांगा अशी आपली चित्रं काढून घेतली होती.

गोदाक्का रासने ही कासारीण. पन्नाशीच्या आतबाहेरची, अंगानं बारीक, आवाज मात्र अख्ख्या बाजाराला पुरेल असा. आठवड्याचे बाजार आणि लग्नघरं हा तिचा धंदा. तपासणीसाठी मी तिच्यासमोर बसले, तर दहा मिनिटांत माझंच सासर-माहेर तिनं काढून घेतलं.

"तुमी लई बोलता हो," मी म्हटलं. खरं तर कौतुकानंच.

"बोलू नको तर काय करू? बांगडी हातानं चढत न्हाई ताई, तोंडानं चढती. नाव घेऊन हाक मारायची, पोराबाळांचं इचारायचं. बाई बोलायला लागली की हात सैल पडतो. तेवढ्यात सरकवायची. तिला कळतबी न्हाई. मुकी कासारीण असली तर रक्तच काढंल की!"

आणि तिचं नेमकं तेच बिघडायला लागलं होतं. एका लग्नघरी नवरीचा हात हातात घेतला आणि नाव येईना. जिच्या इवल्या मनगटात तान्ही असताना हिनंच पहिल्या काळ्या बांगड्या घातल्या होत्या, तिचं नाव. मग एकेका गावातल्या बायकांची नावं गळायला लागली. हात ओळखीचा, चेहरा ओळखीचा, नाव नाही. पुढं एका बाजारात तिला झटका आला आणि ती बांगड्यांच्या पेटीवरच कोसळली.

"लई वाढल्या," ती मला सांगत होती. बांगडी फुटली असं कासारीण मेली तरी म्हणायची नाही.

गाठ होती डाव्या कानाच्या आतल्या अंगाला, जिथं माणसांची नावं साठवलेली असतात त्या भागाला चिकटून. मॅडमनी तिला फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. शेजारी तिचे यजमान उभे होते. हणमंत रासने, तेही कासारच, पण बायकोच्या वाट्याला गेलेलं बोलणं त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं. टोपी हातात घेऊन ते फिल्मकडं बघत राहिले.

"एक सांगून ठेवते डॉक्टरीणबाई," गोदाक्का म्हणाली. हसू मावळलं होतं. "नावं र्‍हायली पायजेत. ती गेली तर मी जगून काय करू? बायकांचं नुसतं हात धरून बसू?"

दुसऱ्या कुणा डॉक्टरनं 'काळजी करू नका' म्हटलं असतं. मॅडम स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

"हे बघा अक्का. गाठ ठेवली तर ती वाढणार. जास्त काढली तर नावं जाणार. दोन्हीच्या मधे एक रेघ आहे. ती मला दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. ती तुम्हीच मला दाखवायची, बोलून. तुम्ही बोललात की मी काढणार, तुम्ही अडलात की मी थांबणार."

गोदाक्कानं थोडा विचार केला. "म्हंजी तुमी बांगडी चढवणार आनि मी बोलायचं?"

"तसंच."

"मग जमंल की," ती म्हणाली. ऑपरेशनला एवढ्या पटकन तयार झालेला माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही सगळी चित्रं तिच्याकडून म्हणवून बघितली. नावांची जागा असल्यामुळं नुसती चित्रं पुरणार नव्हती. घरच्या माणसांचे फोटोही मागवले होते. मुलगी शोभा, नातू अनिकेत, भाऊ दत्तोबा, शेजारची शमा. सगळ्यांची नावं थोडं थांबत का होईना, पण आली. शेवटचा फोटो यजमानांचा. फेटा बांधून, स्टुडिओत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून काढलेला.

"हे कोण?"

गोदाक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खिडकीकडं बघत म्हणाली, "शोभाचं बाबा."

"नाव काय त्यांचं?"

"आता गं बया! नाव कसं घेऊ?"

"उखाण्यात घेता की."

"ते लग्नाकार्यात. हितं दवाखान्यात कुनाचं लगीन लागलंय?" मग तिचे डोळे लुकलुकले. "उखाण्याचं म्हनाल तर आख्ख्या तालुक्याच्या नवऱ्या माझ्याकडनं उखाणं करून घेत्यात, चुडा भरताना. बसल्या जागी करून देते. एकीचा दुसरीला देत न्हाई. पर माझा मी घ्यायचा म्हंजी..." आणि ती चक्क लाजली.

आमचा नियम असा की आदल्या दिवशी ज्याचं नाव तोंडातून आलं नाही, तो फोटो गठ्ठ्यातून काढायचा. मी फेटेवाले हणमंतराव काढून बाजूला ठेवले.

संध्याकाळी सिस्टरनी बजावलं, हातात काचेचं काही चालणार नाही. गोदाक्कानं साबण मागून घेतला आणि एकेक बांगडी स्वतः उतरवली, एकही न वाढवता. हणमंतरावांनी त्या रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवल्या. मोकळ्या मनगटाला तिनं हळदीचा दोरा बांधला. तोही सिस्टर सोडायला सांगत होत्या, पण मॅडम म्हणाल्या, "राहू दे. चिकटपट्टी लाव त्याच्यावर."

सकाळी थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ डॉ. पठाण यांनी तिला आधी झोपवलं. कवटीचा तेवढा तुकडा उघडून झाला आणि मग हळूहळू जागं केलं. ती कुशीवर होती. डोक्यावरून हिरवी निर्जंतुक चादर तंबूसारखी ताणलेली. चादरीच्या त्या बाजूला मॅडम आणि तो उघडा मेंदू, या बाजूला गोदाक्काचा चेहरा आणि तिच्यासमोर स्टुलावर मी. मधे फक्त एक कापड.

"गोदाक्का, कोण मी?"

"संज्योतताई. सासर सांगली. नवरा ब्यांकेत." डोळे मिटूनच ती म्हणाली, आणि चादरीपलीकडं डॉ. पठाण फसकन हसले.

मग काम सुरू झालं. मी चित्र धरायची, मॅडम करंट लावायच्या, गोदाक्का नाव सांगायची. सूप. जातं. विळी. ऊस. एका जागी विळीवर ती अडली, ओठ हलले पण आवाज नाही. तिकीट. दत्तोबाच्या फोटोवर "ह्यो... ह्यो आपला..." तिकीट. करंट काढला की लगेच, "दत्तोबा! कसं गेलं बाई तोंडातनं!" मधल्या वेळात मॅडम गाठ सोडवत होत्या आणि मी तिला बोलती ठेवत होते. तिनं मला सांगितलं की मऊ हात नेहमी गोड स्वभावाचा नसतो. कापशीच्या बाजारात ऊन जास्त, पण बायका दिलदार. माझा हात तिनं कधी धरला ते मला कळलंच नाही. बघते तो ती माझा पंजा हळूहळू दाबत होती, आणि तेव्हा मला कळलं की माझाच हात ताठ झाला होता.

"सैल सोडा, ताई," ती म्हणाली. "बोला कायतरी."

दुपार होत आली. गाठ जवळपास सगळी निघाली होती. उरला होता चिंचोक्याएवढा एक गोळा, तिकीट लावलेल्या जागेला अगदी लागून. तो ठेवला तर काही वर्षांत पुन्हा हेच सगळं. तो काढला आणि त्याच्या बुडाची जागा नावांची निघाली, तर सगळी नावं गेली.

मॅडमनी गोळ्याच्या बुडाशी करंट लावला. शोभाचा फोटो.

"शोभा."

पुन्हा करंट. शमाचा फोटो. गोदाक्का बघत राहिली. बघत राहिली. काहीच नाही.

थोडं थांबून पुन्हा. अनिकेत. "अनि... अनिकेत." आलं, पण रखडत.

"दमलीय ती," डॉ. पठाण हळूच म्हणाले.

"दमलीय, की जागाच ती आहे?" मॅडमचा आवाज शांत होता. "दोनदा आलं, एकदा नाही आलं. आणि हे फोटो सकाळपासून इतक्यांदा बघून तिला पाठ झालेत. यावरून मी काढणार नाही. मला न वापरलेलं नाव हवं. असं, की ते तिला यायलाच हवं."

सहायक डॉक्टर म्हणाला, "मॅडम, सोडून देऊ या का तेवढं?" तेही चुकीचं नव्हतं. शंका आली की थांबायचं, हाच नियम.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मॅडम, एक नाव आहे. गठ्ठ्यातून काढलेलं."

"कुणाचं?"

"यजमानांचं. घेत नाही ती."

मॅडम म्हणाल्या, "विचार तिला."

फोटो बाहेर टेबलावर होता. सिस्टरनी तो आणून माझ्या हातात दिला. मी तो तिच्या डोळ्यांसमोर धरला. "गोदाक्का, आता एकच नाव. हे घेतलंत तर कळेल, तो शेवटचा गोळा काढायचा की नाही. घ्याल?"

गोदाक्कानं फोटोकडं बघितलं. ओठ उघडले, मिटले. करंट लावलेलाच नव्हता आणि तरी ती मुकी. मॅडमनी दोन्ही हात मेंदूपासून वर उचललेले मला चादरीवरच्या सावलीत दिसले. करंटशिवाय शब्द अडला याचा अर्थ एकच होऊ शकत होता. आत काहीतरी बिघडलं.

"पदर," गोदाक्का पुटपुटली.

"काय म्हणाली?" मॅडमनी विचारलं. "फोटोला पदर म्हणाली?"

सहायकानं मान खाली घातली. फेटेवाल्या माणसाला 'पदर' म्हणणं म्हणजे शब्दांची उलथापालथ सुरू झाली होती. मलाही तेच वाटलं. पण तिची नजर फोटोवर नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, अगदी आदल्या दिवशीसारखी, लाजून. तिचा एक हात चादरीखाली चुळबुळत होता. डोक्याकडं जायला बघत होता, पण पट्ट्यांनी बांधलेला.

"मॅडम," मी म्हटलं आणि मला रडू आणि हसू एकदमच आलं, "ती म्हणतेय डोक्यावर पदर नाही. उघड्या डोक्यानं त्यांचं नाव कसं घ्यायचं?"

डॉ. पठाण म्हणाले, "या अल्लाह." डोकं किती उघडं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मॅडम हसल्या नाहीत. तंबूच्या माझ्या बाजूला चादरीची मोकळी कड लोंबत होती. "संज्योत, तुझ्या बाजूची ती कड तिच्या कपाळावर घे. वर हात नको आणूस. अक्का, ऐकू येतंय? डोक्यावर हिरवा पदर आहे तुमच्या. मी स्वतः घातलाय."

मी कड ओढून तिच्या कपाळावर, भुवयांपर्यंत आणली. गोदाक्कानं डोळे वर करून ती बघितली आणि तिचा चेहरा निवळला. घसा साफ करून तिनं सुरुवात केली, "चांदीच्या ताटात..."

"थांबव!" मॅडम म्हणाल्या. "हा पाठ आहे. पाठ केलेलं नको."

त्यांचं बरोबर होतं. पाढे, आरत्या, उखाणे हे सगळं घोकलेलं मेंदू वेगळ्याच वाटेनं आणतो. आख्खी आरती म्हणणाऱ्या माणसाला सख्ख्या भावाचं नाव सांगता येत नाही, हे आम्ही त्याच टेबलावर बघितलेलं होतं. पण दुसरं कुणी असतं तर त्या घटकेला जे मिळालं ते घेतलं असतं. मॅडमना सोईचं उत्तर नको होतं, खरं हवं होतं. मला आजही त्यांच्यासारखी दुसरी बाई आठवत नाही.

"अक्का, नवा करा. आत्ताचा. आजचा."

"नवा?" गोदाक्काला ते आवडलेलं दिसलं. एवढ्या थकव्यातही तिच्या डोळ्यांत ती तालुक्याच्या नवऱ्यांना उखाणे पुरवणारी कासारीण जागी झाली. ती मनातल्या मनात जुळवत होती. ओठ हलत होते. आम्ही थांबलो होतो. करंट एका वेळी दोन-चार सेकंदांपलीकडं लावता येत नाही. त्यामुळं तो नेमका नावावर पडायला हवा. पण उखाण्यात नाव कधी येणार हे मराठी बाईला सांगावं लागत नाही. मॅडमचा हात खाली आला.

आणि गोदाक्कानं घेतला. थकलेल्या पण खणखणीत आवाजात:

"हात भरले हजार बायांचे, आज पडले डोकं उघडून,"

मॅडमनी करंट लावला.

"हणमंतरावांचं नाव घेते, तेवढी कीड काढा निवडून!"

एकदाही न अडखळता. मी ओरडले, "आलं! आलं मॅडम, नाव आलं!" ते त्यांनाही ऐकू आलंच होतं. सिस्टरनी, आपण कुठं उभ्या आहोत ते विसरून, टाळी वाजवली आणि मॅडमच्या एका नजरेसरशी हात मागं घेतले.

"निवडून," मॅडम स्वतःशी म्हणाल्या. "बघू या." आणि तांदळातला खडा काढावा तसा त्यांनी तो शेवटचा गोळा हळूहळू काढला. तेवढा वेळ गोदाक्का डोळे मिटून पडून होती, चादरीची कड दातांत धरून.

संध्याकाळी नोंदी करताना मी उत्साहानं लिहायला घेतलं. मॅडमनी मला थांबवलं. "हे नाव आपल्या ठरलेल्या गठ्ठ्यात नव्हतं. ऐन वेळी घेतलं. ही केस अभ्यासाच्या आकड्यात धरायची नाही."

"पण मॅडम, इतकं स्पष्ट उत्तर आपल्याला कुणाकडूनच मिळालेलं नाही!"

"उद्या येणारी बाई उखाणा करणारी नसेल. तिच्यासाठी आपण काय सिद्ध केलं?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "यापुढं आदल्या दिवशी प्रत्येकाला विचारायचं, कोणती नावं तुम्ही घेत नाही. आधी माहीत असलं पाहिजे." तो नियम पुढं कायमचा झाला. ज्या केसमुळं झाला, ती आमच्या आकड्यांत कुठंच नाही.

पण खरी परीक्षा पुढंच होती. ऑपरेशननंतर सूज येते आणि बोलणं काही दिवस जातं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकातलं माहीत असणं वेगळं आणि अख्खा बाजार गाजवणारी बाई पांढऱ्या पट्टीखाली छताकडं बघत पडलेली बघणं वेगळं. पाणी हवं तर ती बोट दाखवायची. मी शोभाचा फोटो धरला की डोळ्यांत पाणी यायचं, नाव यायचं नाही. हणमंतराव दाराशी उभे असायचे. हलले की खिशातल्या बांगड्या किणकिणायच्या, म्हणून ते हलायचेसुद्धा जपून.

"सूज उतरेल," मॅडम त्यांना म्हणायच्या. पण मीही त्यांना ओळखायला लागले होते. त्या वॉर्डावरून जाता-येता कारण नसताना डोकावून जात, आणि माझ्याकडं बघून नुसती भुवई उचलत. मी मान हलवायची. नाही. एकदा त्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "तो गोळा ठेवला असता तर?" त्यांनी ते मला विचारलेलं नव्हतं.

मग एका सकाळी गोदाक्का "चा" म्हणाली. दुपारी "गोड न्हाई" म्हणाली, तेव्हा सिस्टरना एवढा आनंद झाला की त्यांनी चहात तीन चमचे साखर घातली. मी मॅडमना बोलावणं पाठवलं आणि फोटो काढले. हणमंतराव दारातून पलंगाच्या पायथ्याशी आले. मॅडम येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"शो... भा," गोदाक्का म्हणाली. घामाघूम होऊन. "अनि... केत." दत्तोबाला फार वेळ लागला, पण आला. शमाला त्याहून कमी. आणि मग, आता हा गठ्ठ्यात होता म्हणून, मी फेट्याचा फोटो धरला.

गोदाक्कानं फोटो बघितला. मग पायथ्याशी उभ्या असलेल्या, फोटोतल्याच माणसाला बघितलं. पुन्हा फोटो. तोंड मिटलेलं.

हणमंतरावांचा चेहरा उतरला. "माझंच न्हाई का आटवत?" ते पुटपुटले. एवढ्या दिवसांत मी ऐकलेलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य ते होतं. मॅडमनी पलंगाची दांडी घट्ट धरली.

गोदाक्काचा हात उठला. हळूहळू, चाचपडत खांद्यावर गेला. साडीचा काठ सापडेना तेव्हा तिनं अंगावरच्या चादरीचं टोक पकडलं, ते पट्टीवरून कपाळापर्यंत ओढलं आणि मान खाली घातली. गाल लाल झाले होते.

"हे... हितं... समोर," ती कशीबशी म्हणाली. "मग... नाव... कसं घेऊ?"

मला वाटतं, मीच आधी रडायला लागले. मॅडमनी दांडी सोडली. "अहो, नाव आठवत नसतं तर ती लाजली कशाला असती?" असं त्या हणमंतरावांना म्हणाल्या, आणि आवाज त्यांचाही सरळ नव्हता.

"मॅडम, काय लिहू?" मी नाक पुसत विचारलं. "नाव तर घेतलं नाही."

"जे झालं ते लिही. 'नाव घेतलं नाही. पदर घेतला.'"

तोवर हणमंतराव पुढं आले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. मग बायकोचा हात हातात घेतला, पंजा जुळवला, पेरं एकमेकांवर सरकवली आणि पहिली बांगडी बोटांवर ठेवली. तिथं ती अडकली. हात ताठ होता. हणमंतराव नुसतेच दाबत राहिले, गप्प.

गोदाक्कानं चादरीच्या पदराआडून त्यांच्याकडं बघितलं.

"गप का?" ती एकेक शब्द शोधत म्हणाली. "बोला... की... कायतरी. हात... सैल पडतो."